‘वाचून परत’ लिहिलेली एकोणीस बाडं

दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणारी माणसं बहुधा निवृत्त झालेली असतात. मी निवृत्त नाही. मला अजून कायमच केलेलं नाही, तेव्हा निवृत्त कशातून होणार? अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात, हस्तलिखित विभागात, माझं हे नववं वर्ष आहे. दर वर्षी एक महिना मी तिथे नसते, म्हणजे कागदावर नसते. टेबलाशी असतेच.

काम काय, असं लोक विचारतात. हाताने लिहिलेला जुना कागद घरोघरून येतो. तो मऊ ब्रशने झाडायचा, चिकटलेली पानं सोडवायची, वेखंडाच्या पुरचुंडीसह लाल रुमालात बांधायचा आणि नोंदवहीत उतरवायचा: कोणी लिहिलं, कशावर लिहिलं, पानं किती, कोणाकडून आलं. शेवटचा रकाना ‘शेरा’. बरेचसे कागद मोडीत असतात आणि मोडी आता घरात कोणालाच येत नाही. त्यामुळे आमच्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. एकांची खात्री असते की त्यांच्याकडचा कागद थेट छत्रपतींच्या काळातला आहे. दुसऱ्यांची खात्री असते की त्यात त्यांच्या जमिनीचा पुरावा आहे. एका गृहस्थांना मी त्यांचा कागद वाचून दाखवला. पणजोबांनी शेजाऱ्याकडून दोन घमेली आणि एक काहील नेल्याची ती चिठ्ठी होती. “बाई, तुम्हाला नीट येत नाही,” म्हणाले आणि कागद घेऊन गेले.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की माझे वडील हडपसरला एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनचं काम करायचे. छापलेली पत्रकं घड्या घालायला आमच्या घरी यायची. मी अक्षरओळख त्यांच्यावर केली. वर्गात बदक आणि कमळ चाललं होतं तेव्हा मला ‘निर्धार’ आणि ‘जाहीर निषेध’ जोडाक्षरांसकट वाचता येत होतं. आजही वाक्य संपवताना उद्गारचिन्हाकडे जाणारा हात मला मागे घ्यावा लागतो. जे ज्याचं आहे ते त्याला मिळालं पाहिजे, हे मी फार लहानपणी, फार मोठ्या टायपात वाचलं. इनामदारसरांच्या संग्रहाची हकिगत मुळात तिथून सुरू होते.

इनामदारसर शाळेत मराठी शिकवायचे. घराणं पुण्यातलंच, कित्येक पिढ्यांचं. विद्वान म्हणून त्यांना बाहेरगावचे लोक ओळखायचे. पुण्यात ते ‘मुसलमान असून मराठी छान शिकवणारे सर’ होते. सुटीच्या दिवशी ते सायकलवर आणि पुढे बसने गावोगाव हिंडत आणि घरांच्या माळ्यांवरून बाडं खाली काढत. बाड म्हणजे शिवलेली जाड वही. पूर्वी वाचता-लिहिता येणारा माणूस आवडलेलं सगळं तीत उतरवून ठेवी. अभंग, औषधं, गाय व्यायल्याची तिथी, एखाद्या फकिराची पदं, सगळं एका शिवणीत. मराठीत लिहिणारे फकीर हा सरांचा आयुष्यभराचा विषय होता. तीनशेच्या वर बाडं आणि पोथ्या त्यांच्याकडे जमल्या.

सर गेले आणि दोन वर्षांनी त्यांच्या मुलीचा, शमीमताईंचा, आमच्या विभागात फोन आला. त्याही निवृत्त शिक्षिका. विश्रांतवाडीला तळमजल्यावरच्या घरात वडिलांबरोबर राहायच्या, आता एकट्या. भिंतीला ओल होती आणि एका कपाटाला वाळवी लागली होती.

“मला काही नको,” पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या. “सगळं घेऊन जा. फक्त कपाटावर अब्बांचं नाव लिहा. हयातभर त्यांना तुमच्या विद्यापीठात कोणी खुर्ची दिली नाही. निदान कपाट द्या.”

आमच्या विभागाचे प्रमुख जोगळेकरसर सोबत होते. निवृत्तीला त्यांची दोन वर्षं उरली होती आणि विभागात चाळीस वर्षांत आलेला हा सर्वांत मोठा संग्रह होता. “कपाट कसलं, खोली देऊ,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून इतकं उदार वाक्य मी त्याआधी ऐकलेलं नव्हतं.

बाडं बांधायला मी रोज विश्रांतवाडीला जाऊ लागले. शमीमताई दुपारी चहा करून आणत आणि अब्बांनी कुठलं बाड कसं मिळवलं ते सांगत. चौथ्या दिवशी एक बाड झाडताना पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: ‘वैद्य यांजकडून. वाचून परत.’ अक्षर सरांचं. मी बांधलेले रुमाल पुन्हा सोडले. सगळं तपासायला तीन दिवस लागले. असा मजकूर एकोणीस बाडांवर होता. नावं वेगवेगळी, शेवटचे दोन शब्द तेच.

अशा वेळी गप्प बसायची एक रीत आमच्या धंद्यात आहे. पुठ्ठा मोडकळीला आलेलाच असतो, नवा घातला की जुन्यावरचं लिखाण गेलं. मी नोंदवही घेऊन शमीमताईंसमोर बसले आणि त्यांना नावं वाचून दाखवली.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “म्हणजे काय? अब्बांनी ढापली म्हणतेस?”

“तसं नाही ताई. परत करायची राहिली.”

“राहिली नाहीत. राहू दिली.” “ज्यांच्या घरून आणली त्यांनी कधी मागितली का? एकाने तरी? माळ्यावर उंदरांनी खाल्ली असती, मुक्ता. आता तू दारोदार जाऊन सांगणार, तुमची वस्तू इनामदारांच्या घरी सापडली. आमच्या नावाच्या घरी. लोक काय ऐकतील, तुला कळतंय का?”

कळत होतं. पण मला हेही कळत होतं की दानपत्रावर त्यांची सही होणार होती आणि जे आपलं नाही त्याचं दान करता येत नाही. मी तसं म्हणाले. माझा आवाज, मला वाटतं, सभेतल्यासारखा झाला असावा.

जोगळेकरसरांनी ऑफिसात सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून पुसला.

“तत्त्व बरोबर आहे. आता व्यवहार सांगतो. एकोणीस बाडं आज इथे आणा. स्कॅन करा. मग खुशाल परत द्यायला जा.”

“मालकाच्या परवानगीशिवाय?”

“मालकाला स्कॅन म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?”

“म्हणूनच विचारायला हवं. आपण बड्या संस्थेतली माणसं आहोत म्हणून न विचारता लोकांच्या घरातलं काढून घ्यायचं, मग ते पान असो की फोटो, फरक काय राहिला? विचारल्याशिवाय मी एकही पान यंत्राखाली ठेवणार नाही.”

“नका ठेवू,” ते म्हणाले. “आपण आदर्श आहात. आदर्शांचं काय होतं ते मी चाळीस वर्षं बघतोय, त्यांचं सगळं आपल्याकडेच येतं, रुमालात बांधून.”

मी मालकांच्या वारसांना पाठवायचं पत्र तयार केलं. मूळ मालकीचा हक्क, ज्ञानाचं सार्वजनिक स्वरूप, आपल्या संमतीची आवश्यकता, सगळं त्यात होतं. सोबत एक फॉर्म: परत हवे, ग्रंथालयास देत आहे, किंवा परत हवे परंतु स्कॅन करण्यास संमती आहे. योग्य तिथे खूण करावी. जोगळेकरसरांनी पत्र वाचलं आणि विचारलं, “खाली ‘एकजुटीचा विजय असो’ राहिलं का?”

एकोणीसपैकी पंधरा घरांनी ‘देत आहे’वर खूण केली. बहुतेकांना अशी काही वस्तू आपली होती हेच ठाऊक नव्हतं. एका बाईंनी फोनवर विचारलं, “देतो म्हटल्यावर परत यायचं नाही ना ते?” दोन घरांचा पत्ता लागला नाही. तांबोळी नावाच्या एकांकडून उत्तर आलं नाही. आणि वैद्य.

वैद्यांचं बाड एकोणिसांत सर्वांत महत्त्वाचं होतं. त्यात एका फकिराची मराठी पदं होती, ज्याचं नाव सरांना दुसऱ्या कुठल्याही बाडात सापडलेलं नव्हतं. हा माणूस होता याचा तेवढाच पुरावा. ते सगळं मोडीत, बारीक, न थांबता चाललेल्या अक्षरात. मी त्यातली काही पानं वाचली होती. एका पदात तो देवाला म्हणतो की तुझ्या दारापर्यंत आलो, पण आत कोण आहे ते विचारायचं राहिलं. लगेच त्याच पानावर खोकल्यावरचा काढा.

वैद्यकाका बँकेतून निवृत्त झालेले. पेठेतली त्यांची इमारत नव्याने बांधायला घेतली होती, म्हणून ते तात्पुरते भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होते. दारातच त्यांनी पत्र हातात धरलं होतं, लाल पेनाने दोन ठिकाणी खुणा केलेलं.

“या. ‘सार्वजनिक’ म्हणजे काय म्हणायचंय आपल्याला? पणजोबांची वही सार्वजनिक कधी झाली?”

“तसं नाही काका. मालकी तुमचीच आहे. पत्रात पहिलाच मुद्दा तो आहे.”

“मग मुद्दा दोन कशाला?”

मी समजावलं. स्कॅन म्हणजे नुसता फोटो, बाडाला धक्का लागत नाही, अभ्यासकांना उपयोग होईल. ते ऐकत होते; ऐकताना घड्याळाकडे बघत होते.

“हे बघा, वस्तू आमची आहे ना? हे आपणच लिहिलंय. मग आधी आणून द्या. ती घरात आली की तुमच्या फोटोबिटोचं बघू. आधी परत, मग संमती. असं बरोबर होईल की नाही?”

तत्त्वतः ते अगदी बरोबर होतं. म्हणून मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मी बाड नेऊन दिलं, नव्या लाल रुमालात, वेखंडासह. पोच म्हणून फॉर्मवर सही घेतली. काकांनी रुमाल न सोडताच ते टीव्हीशेजारी ठेवलं आणि मला पन्हं दिलं. परत येताना मला फार बरं वाटत होतं. घरातून गेलेली वस्तू मी हाताने घरात परत पोचवली होती. असं रोज होत नाही.

संमतीसाठी मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा ते गावाला होते. दुसऱ्यांदा म्हणाले, सामान हलवतोय, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात मी नव्या इमारतीत गेले. घराला रंगाचा वास होता. काकांनी स्वतः दार उघडलं, बसवलं, नवं स्वयंपाकघर दाखवलं.

“काका, ते बाड.”

“हां, ते. त्याचं अगदी व्यवस्थित झालं हो. नव्या घरात जीर्ण पोथी ठेवू नये असं गुरुजी म्हणाले. वाचणारं कोणी नाही, पूजा होत नाही, नुसतं ठेवणं बरं नव्हे. वाळवी लागलेली. तेव्हा आळंदीला नेऊन इंद्रायणीत विसर्जन केलं. घरातल्या आणखी दोन पोथ्या होत्या, त्यांच्याबरोबर.”

माझ्याकडे बघून ते पुढे म्हणाले, “रद्दीत नाही घातली! तुमचा तो लाल रुमालही सोडला नाही. फूल वाहिलं, नमस्कार केला.”

त्यांना वाईट म्हणता येत नाही. जीर्ण पोथी वाहत्या पाण्यात सोडावी ही रीत त्यांनी काढलेली नाही, आणि ती आदराचीच रीत आहे. मुसलमानांच्या घरीही जीर्ण पानं अशीच आदराने पुरतात किंवा पाण्यात सोडतात. आमच्या विभागात किती हस्तलिखितं आहेत याचा हिशेब आहे. नद्यांत किती गेली याचा नाही.

मी उठले तेव्हा काकांनी विचारलं, “काय होतं हो त्यात? आमच्या वडिलांनाही मोडी येत नव्हती. इनामदार मास्तर न्यायला आले तेव्हा म्हणाले होते वाचून सांगतो, पण मग वडीलच गेले.”

मी त्यांच्या घरी तीनदा गेले होते. मला मोडी येते. द्यायला नेलं तेव्हा बाड दोघांच्या मध्ये, हाताच्या अंतरावर होतं. मी फॉर्मवर त्यांची सही घेतली होती, पण त्यांच्या पणजोबांनी काय लिहून ठेवलंय ते सांगायला तोंड उघडलं नव्हतं. वारसाला वारसा परत करते आहे असं मी समजत होते. त्यांच्या बाजूने बघितलं तर मी एक जड, वाळवी लागलेली वस्तू त्यांच्या टीव्हीशेजारी ठेवून गेले होते.

त्या दिवशी उभ्या उभ्या मी आठवतील तशा त्या पदाच्या दोन ओळी म्हटल्या. काका सोफ्यावर बसले. “हे आमच्या पणजोबांनी लिहिलं?”

“फकिराचं पद आहे. पणजोबांना आवडलं म्हणून उतरवून घेतलं.”

“फकिराचं,” ते म्हणाले. मग, “आधी सांगायचंत.”

शमीमताईंना मी फोनवर सांगू शकले असते. विश्रांतवाडीला गेले. ऐकून त्या रागावल्या नाहीत, ते मला जास्त जड गेलं. सरांच्या कागदांत त्या बाडाची हाताने केलेली नक्कल शोधायला आम्ही दोघी बसलो. सापडली. सुरुवातीची अकरा पानं. पुढे सरांचे डोळे अधू झाले होते.

“अब्बांनी बावीस वर्षं परत दिलं नाही,” शमीमताई म्हणाल्या, “म्हणून ते बावीस वर्षं होतं.”

यावर माझं उत्तर आजही पूर्ण नाही. दुसऱ्याची वस्तू न विचारता ठेवणं चूक, हे माझं मत बदललेलं नाही. पण मत बरोबर असून हातून काय होऊ शकतं, ते मी पाहिलं.

राहिले तांबोळी. स्वारगेटजवळ त्यांचं फोटो-फ्रेमचं दुकान. या वेळी मी पत्र नेलं नाही, बाड नेलं. दुकानात काचा कापण्याचा आवाज चालू होता. रशीदभाई तांबोळी साठीचे, कानाला पेन्सिल.

“तुमचं पत्र आलं होतं मॅडम. कोर्टाचं वाटलं, म्हणून मुलाने वकिलाला दाखवलंय.”

“कोर्टाचं नाही. तुमच्या आजोबांची वही आहे. इनामदारसरांनी वाचायला नेली होती. पाच मिनिटं आहेत का? वाचून दाखवते.”

“आमच्या आजोबांना लिहिता येत होतं?” त्यांनी मशीन बंद केलं.

मी मिळेल ते पान उघडलं. आजोबा पुस्तकबांधणीचं काम करत असावेत. वहीत कृती होत्या. मी वाचायला लागले: चिंचोके भाजून साल काढावी, रात्रभर भिजवावे, वाटून मंद आचेवर खळ शिजवावी.

“थांबा,” रशीदभाई म्हणाले. “आता पुढे मोरचूद असणार. चिमूटभर.”

पुढची ओळ होती: मोरचूद चिमूट, म्हणजे कसर लागत नाही.

“आमचे अब्बा हेच करायचे!” त्यांनी आतल्या मुलाला हाक मारली, “अरे, बाहेर ये, हे ऐक. मॅडम, परत वाचा. पहिल्यापासून.”

मी पहिल्यापासून वाचलं. मग शाईची कृती, मग मोहरमला म्हणायच्या मराठी ओळी, मग कोणाकोणाच्या पोथ्या बांधल्या त्यांची नावं. गिऱ्हाईक येत होतं, त्याला स्टुलावर बसवत होते. दीड तास झाला. माझा घसा बसला.

“हे आम्ही ग्रंथालयाला द्यायचं, असं तुम्ही विचारायला आलात ना?” रशीदभाईंनी वही दोन्ही हातांनी जवळ ओढली. “आता नाही देणार.”

“नका देऊ. फोटो काढू द्याल?”

“काढा की. पण इथे बसून. दुकानाबाहेर नाही जाणार ही.”

दोन दिवस मी काच कापायच्या टेबलावर कॅमेरा लावून बसले. पान सपाट राहावं म्हणून रशीदभाईंनी स्वतः एक काच कापून, कडा घासून दिली. विभागातल्या काचेपेक्षा ती चांगली होती.

जोगळेकरसरांना मी अहवाल दिला. “म्हणजे आता आपण घरोघर वाचून दाखवून संग्रह कमी करणार?”

“हो,” मी म्हणाले.

“बरं,” ते म्हणाले आणि गावोगावच्या घरांतून जुनी बाडं गोळा करण्याच्या पुढच्या फेरीच्या यादीत माझ्या नावापुढे दुप्पट दिवस लिहिले.

संग्रह विद्यापीठात पोचला त्या दिवशी समारंभ झाला नाही. कुलगुरूंना वेळ नव्हता. शमीमताई रिक्षाने आल्या. कपाटावरची पाटी त्यांनी हात लावून पाहिली. नाव बरोबर होतं, सरांची पदवीही. पत्ता न लागलेल्या दोन घरांची बाडं वेगळ्या खणात ठेवली होती, ‘मालकाच्या शोधात’ अशी चिठ्ठी लावून. तांबोळींच्या वहीच्या जागी फोटोंची डबी होती.

मग त्या नोंदवही घेऊन बसल्या आणि पहिल्या पानापासून एकेक ओळ बोट ठेवून तपासू लागल्या, जन्मभर वह्या तपासल्या तशा. वैद्यांच्या बाडापाशी बोट थांबलं. शेऱ्यात मी लिहिलं होतं: ‘मूळ मालकास परत.’

“खरं आहे,” त्या म्हणाल्या. “पण पुरं नाही.”

मी वही माझ्याकडे वळवली. त्याच ओळीत, उरलेल्या जागेत लिहिलं: ‘वाचून न दाखवता.’ खाली सही केली.

जोगळेकरसर मागे उभे होते. “असा शेरा कुठल्याही नियमात बसत नाही,” ते म्हणाले. मग खिशातून पेन काढून माझ्या सहीशेजारी त्यांनी आपली आद्याक्षरं केली.